पहिली वाकळ शिवताना: एका जुन्या साडीतून नक्षीची गोधडी

माझी पहिली वाकळ अजून माझ्याकडे आहे. अंथरली की मधोमध फुलक्यासारखी फुगते, आणि एका कोपऱ्यात लाल खणाचा रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यात उतरलाय तो आता कशानेच जात नाही. टाके मात्र चांगले आहेत हो तिचे, एकसारखे आहेत, फक्त सुई हातात धरायच्या आधी जी कामं असतात ती सगळी मी घाईत उरकली होती. नंतर दोन उन्हाळे आत्तीकडे बसून परत पहिल्यापासून शिकले. आत्ती म्हणजे आत्या, कोल्हापूरकडे असंच म्हणतात. खाली लिहिलंय ते तिच्याकडून शिकलेलं आणि थोडं माझ्या स्वतःच्या चुकांमधून आलेलं.

नावाचा घोळ आधी मिटवू. पुण्या-नाशकाकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ, थोडं पुढे बेळगावच्या पलीकडे कन्नडमध्ये कौदी, आणि तान्ह्या बाळासाठी केलं की ते दुपटं. रजई वेगळी, तिच्यात कापूस असतो आणि तो पिंजून भरावा लागतो. वाकळेत कापूस नाही, नुसतं कापडावर कापड, आणि सगळे पदर धावदोऱ्याने एकमेकांना पकडून ठेवलेले. ऊब येते ती त्या पदरांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे, म्हणून तर जुनी वापरून मऊ झालेली साडीच लागते.

काय करणार आहोत तेही सांगते. साधारण ४२ इंच लांब आणि तेवढीच रुंद चौरस वाकळ, बाळाला दुपटं म्हणून चालते, नाहीतर टीव्ही बघताना पायावर घ्यायला. वरची बाजू नक्षीची, म्हणजे चौकटीत चौकट आणि एका चौकटीला कंगोरे, म्हणजे कापड दुमडून केलेले छोटे त्रिकोण. पहिल्याच फटक्यात डबल बेडची करायला जाऊ नका, मी अशा तीन जणी बघितल्यात ज्यांची अर्धी शिवलेली वाकळ माळ्यावर पडलीये.

कापड

एक सहावारी सुती साडी पुरते, खरंच पुरते, हिशोब पुढे देते. शिवाय नक्षीसाठी दोन-तीन वेगळ्या रंगांचे तुकडे: जुना परकर, शर्ट, झंपराचे उरलेले खण, जे काय घरात असेल ते. एकच अट, सुती पाहिजे. आजकालच्या साड्यांचा भरवसा नाही, दुकानदार कॉटन म्हणून देतो आणि निम्मं पॉलिएस्टर असतं. शंका आली तर काठातून दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरली की राख होते. वितळून काळा मणी झाला तर ती साडी वाकळेत नको. सिंथेटिक कापड सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही, आणि बाकीचे पदर धुण्यात आकसले तरी ते आकसत नाही म्हणून चुण्या पडतात.

मग साडी खिडकीवर टांगा, मागून ऊन येईल अशी. जिथून आरपार दिसतंय तिथे ती विरलीये. सहावारी बहुतेक खालच्या काठाला, पायाशी विरते, आणि खांद्यावरचा पदर जवळजवळ नव्यासारखा असतो. नऊवारीचं कासोट्याला आधी जातं. पूर्वी बायका एवढ्यावर सोडत नव्हत्या, विरलेला भाग कापून टाकून दोन टोकं जोडायच्या, त्याला दांड भरणं म्हणायचे, आणि असं एक-दोनदा दांड भरून झालं की मगच ते लुगडं वाकळेत. त्या हिशोबाने आपण देतो ती साडी नवीकोरीच. विरलेला भाग फेकू नका, तो मधल्या पदरात घालायचा. मधे काय आहे कुणाला दिसत नाही, आणि झिरझिरीत कापडातून सुई लोण्यात गेल्यासारखी जाते.

नवीन कापड आणावं का, असं मला सारखं विचारतात. माझं सरळ मत, आणू नका. नव्या कापडाला खळ असते, विण घट्ट असते, चार पदरांतून सुई काढताना बोटं रडतात आणि शेवटी झालेली वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. बाजारात आता गोधडी म्हणून ब्लॉकप्रिंटच्या नव्या कापडाची मशीनवर शिवलेली पांघरुणं मिळतात, दिसायला छान असतात, पण त्यांना वाकळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एक काळ वाकळ म्हणजे गरिबीची खूण होती, पाहुणे आले की आत ढकलायची वस्तू. अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे. आता तीच वस्तू काचेच्या शोरूममध्ये टांगलेली दिसते आणि किंमत बघून आत्ती म्हणाली, एवढ्यात तर म्हशीची पेंड येईल की गं.

रंग जातो का ते प्रत्येक कापडाचं तपासा, एकही सोडू नका. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात रगडायचा, रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवायचं. लाल, गडद निळा आणि काळा हे तिघं सगळ्यात दगाबाज. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं मलाही सांगितलं होतं, माझ्या कोपऱ्यातला तो लाल खण रात्रभर मिठाच्याच पाण्यात होता. जे कापड पास होईल ते गरम पाण्यात धुवून उन्हात कडक वाळवा, आकसायचं ते आत्ताच आकसून जाऊ दे. साडीचा फॉल त्याआधीच उसवून काढा. जरीचा काठ असेल तर तोही कापून टाका, सुई अडते आणि बाळाला टोचतो.

हिशोब आणि कापणं

सहावारी म्हणजे साडेपाच मीटर, १८ फूट, २१६ इंच. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच धरू. त्यातून एक तुकडा ४५ बाय ४५, हा खालचा, म्हणजे अस्तर. दोन तुकडे ४३ बाय ४३, हे मधले. तिन्ही मिळून १३१ इंच गेले, उरले ८५ इंच. त्यातून साडेसहा इंचाचे चौकोन काढले तर लांबीत १३ आणि पन्ह्यात ६, म्हणजे ७८ निघतात, आणि आपल्याला लागतात ६४. ते ६४ कसे ते नक्षीत सांगते. सगळे एकाच साडीतून काढायचे नाहीत अर्थातच, निम्मे इतर कापडांतून घ्या, पण घरात काहीच नसलं तरी अडत नाही एवढाच मुद्दा.

मोठे तुकडे कात्रीने कापू नका. काठाला बोटभर खाच द्या आणि दोन्ही हातांनी फाडा, सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कितीही खडूने आखून कापलं तरी एवढं सरळ येत नाही. कापड फारच जुनं असेल तर फाडताना भलतीकडे जातं, तेव्हा एक धागा ओढून काढायचा, त्याची जी रेष उमटते तिच्यावरून कात्री चालवायची. चौकोनांसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा साडेसहा इंचाचा पुठ्ठा कापून ठेवा, तो ठेवून पेन्सिलने आखा. थोडं इकडेतिकडे झालं तर घाबरू नका, ही इंजिनिअरिंगची परीक्षा नाही.

टाचणं

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि वाकळ बिघडते ती पण इथेच. माझ्या पहिल्या वाकळेचा फुगा इथूनच आला. मी चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या आणि शिवायला बसले. आत्ती दारातून आत आली, बघितलं आणि म्हणाली, "काय करालीस हे? वाकळ शिवालीस का पिशवी?" तेव्हा मला राग आला होता.

फरशी पुसून घ्या, त्यावर सतरंजी. सतरंजीवर अस्तर उलटं पसरा, म्हणजे चांगली बाजू खाली. तळव्याने मधून बाहेर, मधून बाहेर असं हात फिरवून सुरकुत्या काढा. ताणायचं नाही, ताणलेलं कापड नंतर परत आखडतं आणि तिथेच झोळ पडतो. त्यावर मधला पहिला पदर, चारी बाजूंनी एक-एक इंच अस्तर बाहेर दिसलं पाहिजे. मग दुसरा. दोन्ही पदरांत विरलेल्या जागा असतील तर एकावर एक येऊ देऊ नका, एक पदर फिरवून ठेवा म्हणजे एकाची भोकं दुसऱ्याने झाकली जातात. आता अस्तराची ती इंचभर कड चारी बाजूंनी मधल्या पदरांवर दुमडून घ्या. कोपऱ्यात आधी टोक आत दुमडायचं, मग दोन्ही बाजू त्यावर, पाकिटासारखं.

आता कच्चे टाके. दोरा असा घ्या की जो वाकळेत कुठेच नाही, मी पोपटी घेते, म्हणजे शेवटी काढताना दिसतो. टाका बोटभर लांब चालेल. सुरुवात बरोबर मधून. मधून वर, मधून खाली, मधून डावीकडे, मधून उजवीकडे, मग मधून चारी कोपऱ्यांकडे तिरके. त्यानंतर वीतभर अंतराने उभ्या-आडव्या ओळी. कडेकडून मधे कधीच यायचं नाही, कारण पुढे खरी शिवण कडेकडूनच मधे येणार आहे, ती सगळी सैल जागा ढकलत ढकलत मधे आणते, आणि मधे आधीच नीट पकडलेलं नसेल तर झालाच फुगा.

हे सगळं जमिनीवरच करायचं, उचलायचं नाही. सुई खालच्या सतरंजीत अडकू नये म्हणून आत्ती वाकळेखाली स्टीलचं जेवणाचं ताट सरकवते, जिथे टाचायचं तिथे ताट. सुई ताटावर खर्र करून घासते आणि आपोआप वर येते. ताट नव्हतं तेव्हा मी एकदा पूर्ण ओळ चटईसकट शिवली होती आणि उचलायला गेले तर चटई बरोबर आली, घरातले अजून चिडवतात.

टाचण्या लावायच्याच असतील तर मोजून लावा आणि मोजून काढा. कागदावर आकडा लिहून ठेवा. बाळाच्या दुपट्यात एक टाचणी राहिली तर काय होईल ते मी सांगायला नको.

सुई, दोरा, टाका

दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोन-सव्वादोन इंचाची, मोठ्या नाकाची सुई घ्या, भरतकामाची किंवा रफूची चालते. दोरा सुतीच. शिलाई मशीनचा साधा दोरा एकेरी घेतला तर तुटतो आणि दुहेरी घेतला तर गुंता होतो, त्यापेक्षा क्रोशाचा वीस नंबरचा दोरा मला सगळ्यात बरा वाटतो, जाड आहे, स्वस्त आहे, रंग मिळतात. सव्वाशे मीटर तरी लागेल असं धरून चाला, आणि एकाच वेळी घ्या, नंतर आणलेल्या गुंड्याची छटा हमखास वेगळी निघते. पांढरा दोरा सगळ्या रंगांवर उठून दिसतो आणि टाके हेच अर्धं डिझाईन असतं, म्हणून नवीन माणसाने पांढराच घ्यावा, चुका दिसतात हे मान्य, पण त्या दिसल्या तरच हात सुधारतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे बोटाची टोपी, घाला. मला ते दोन दिवस सहन झालं नाही, तिसऱ्या दिवशी बोटाला भोक पडल्यावर सहन व्हायला लागलं.

दोरा एका वेळी दीड हात, जास्त नाही. टोकाला गाठ, सुई वरच्या पदरातून आत घालून इंचभर पुढे काढा आणि हलका झटका द्या, टक् असा आवाज येतो आणि गाठ पदरांच्या आत जाऊन बसते. मागून गाठी दिसणारी वाकळ म्हणजे गबाळं काम, असं आत्तीचं मत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागा पण तेवढीच. सुईवर चार-पाच टाके भरायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. डावा हात वाकळेखाली असतो, सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की समजायचं अस्तरापर्यंत गेली, लगेच वर वळवायची. ओढताना किती ओढायचं हे सांगता येत नाही, पण ओळ झाल्यावर तिच्यावरून बोट फिरवा: टाक्यांच्या मधे कापड जरासं फुगलेलं लागलं पाहिजे. सपाट लागलं तर दोरा सैल आहे, कापड गोळा झालं तर जास्त ओढलाय.

दोरा संपत आला की एकाच जागी दोन उलटे टाके, मग सुई पदरांमधून दोन इंच पळवून बाहेर काढा आणि दोरा कापडाला चिकटून कापा, शेपूट आत जाते.

नक्षी

आता मजेचा भाग. वहीत आधी चित्र काढून रंग भरून मग कापड शोधत बसणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. आपल्याकडे काय कापड आहे आणि किती आहे त्यावरून नक्षी ठरते. ६४ चौकोन म्हणजे आठ ओळी, आठ रांगा. ते बाहेरून आत चार चौकटींत येतात: बाहेरच्या चौकटीत २८ तुकडे, तिच्या आत २०, मग १२, आणि अगदी मधे ४. आता गठ्ठे करा. ज्या रंगाचे २८ निघतात तो बाहेर, आणि तो गडद असावा, कारण कड जास्त मळते. जे सगळ्यात लाडकं कापड आहे आणि फक्त चारच तुकडे निघतायत, ते मधे. माझ्या दुसऱ्या वाकळेत मधे आईच्या चंद्रकळेचे चार तुकडे आहेत, काळ्यावर बारीक ठिपके, बाकी सगळी साडी विरून गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत फिके आणि गडद एक आड एक घाला. जमिनीवर सगळे ६४ मांडून बघा, खुर्चीवर उभं राहून वरून बघा, फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करा, त्यात चौकटी वेगळ्या दिसल्या तर नक्षी जमली. रंग वेगळे असले तरी करड्यात एकसारखे दिसत असतील तर वाकळ लांबून नुसती चिखल दिसते.

तुकडे आधी एकमेकांना जोडून मग अस्तरावर ठेवायचे नाहीत. आमच्याकडची पद्धत अशी की तुकडा ठेवायचा आणि लगेच सगळ्या पदरांतून शिवत पुढे जायचं. वाकळ अशी धरा की एक कड तुमच्या मांडीकडे आहे. उजव्या हाताने शिवत असाल तर उजव्या कोपऱ्यातून सुरू, डावीकडे जायचं. पहिला तुकडा कोपऱ्यात ठेवा, त्याच्या ज्या दोन बाजू वाकळेच्या कडेला येतात त्या अर्धा इंच आत दुमडा आणि कडेशी बरोबर जुळवा. कडेपासून दोन दोऱ्यांवर, म्हणजे अगदी काठाशी, टाके घालत निघा. तुकड्याचं डावं टोक यायच्या आधी दुसरा तुकडा ठेवा: त्याची खालची बाजू दुमडलेली, उजवी बाजू पण दुमडलेली, आणि ती उजवी दुमड पहिल्याच्या उघड्या कडेवर अर्धा इंच चढलेली. असंच पुढे, प्रत्येक नवा तुकडा आधीच्याची उघडी कड झाकतो. कोपरा आला की वाकळ फिरवायची, आपण फिरायचं नाही. चारही बाजू करून परत पहिल्या तुकड्यापाशी आलात की शेवटच्या तुकड्याची डावी बाजूसुद्धा दुमडून पहिल्यावर चढवा. तुकड्यांच्या मधल्या उभ्या दुमडी वेगळ्या शिवत बसू नका, पुढचे फेरे त्यांच्यावरून अर्ध्या-अर्ध्या इंचाने जाणारच आहेत, त्यात त्या आपोआप पकडल्या जातात. मला हे पटायला वेळ लागला होता, मी वेडी प्रत्येक दुमड शिवत बसले आणि मागच्या बाजूला जाळं झालं.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी करतात, ती पण अशीच बाहेरून आत शिवलेली असते, आणि त्यांच्या चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. तुम्हाला पाहिजे तर चार इंचाच्या खणाचे त्रिकोण करून कोपऱ्यात दुमडीखाली खोचा, फार गोड दिसतं.

फेरे

पहिला फेरा १७२ इंचाचा आहे, नवीन हाताला पाऊण-एक तास लागेल. दुसरा फेरा त्याच्या आत अर्ध्या इंचावर, मग तिसरा. अंतर मोजायला पट्टी नको, अंगठ्याच्या नखाची रुंदी ठेवा. कोपऱ्यात एक टाका बरोबर कोनावर पडू दे, नाहीतर कोपरे गोल होत जातात आणि मधे पोचेपर्यंत चौकटीचं अंडं होतं. दहा फेऱ्यांनी पहिली चौकट संपत येते. आतल्या उघड्या कडेच्या अर्धा इंच अलीकडे थांबा, आता दुसऱ्या चौकटीचे २० तुकडे तसेच, खालची बाजू दुमडून पहिल्या चौकटीवर अर्धा इंच चढवून. तुकड्याच्या खालून जिथे पोपटी टाके जातात तिथे ते तसेच राहू द्या, वरून आड येत असतील तेवढेच कापा. सगळे एकदम कापून टाकायचा मोह होतो, तो आवरा, मधला भाग त्यांच्याच जिवावर जागेवर आहे.

तिसऱ्या चौकटीला कंगोरे घालायचे. चार इंचाचा चौकोन घ्या, तिरका दुमडा, त्रिकोण झाला, तो परत मधोमध दुमडा, लहान त्रिकोण झाला, आणि आता सगळ्या उघड्या कडा एकाच लांब बाजूला आल्या. ती लांब बाजू तिसऱ्या चौकटीच्या दुमडीखाली खोचायची, टोक बाहेरच्या दिशेला. तुकड्याच्या बाहेरच्या प्रत्येक कडेला एक, कोपऱ्यातल्या तुकड्याला दोन, म्हणजे बाजूला चार, एकूण १६ कंगोरे. हे शिवताना सुईखाली नऊ-दहा पदर येतात, तिथे चार टाके सुईवर भरायला जाऊ नका, एकेक टाका उभा घाला, खाली काढा, वर काढा. कंगोऱ्याची टोकं मोकळी हलती ठेवायची का शिवून टाकायची हे तुमच्यावर, बाळासाठी असेल तर शिवून टाका, नाहीतर ते चोखत बसतं.

रोज दोन तास बसलात तर नऊ-दहा दिवसांचं काम आहे, एकूण अठरा-वीस तास. सलग चार तास बसू नका, मान धरते, आणि थकलेल्या हाताचे टाके मोठे होत जातात, दुसऱ्या दिवशी बघितलं की ओळखू येतं इथे मी जांभया देत होते.

मधल्या चार तुकड्यांपाशी पोचलात की हात फिरवून बघा. थोडंसं सैल वाटलं तर घाबरायचं कारण नाही, तुकडे जरा मोठे ठेवून ती सैल जागा त्यांच्या दुमडीत वाटून टाका. जास्तच फुगा असेल तर चार-पाच फेरे उसवण्याशिवाय इलाज नाही. इस्त्रीने बसेल असं वाटतं, बसत नाही, मी करून बघितलंय. शेवटचा तुकडा ठेवायच्या आधी आत्ती त्याच्याखाली चिमूटभर तांदूळ टाकते. पोट उपाशी ठेवू नये म्हणते. मी पहिल्यांदा हसले होते, आता मीही टाकते, पाच-सहा दाणेच, जास्त टाकले तर किडे होतात.

शेवटचा फेरा जेमतेम चार इंचाचा. दोन उलटे टाके, सुई आत पळवा, दोरा कापा. मग पोपटी दोरे चिमट्याने ओढून काढा, टाचण्यांचा आकडा जुळवा.

धुणं

पहिल्यांदा थंड पाण्यात, एकटी, दुसऱ्या कपड्यांबरोबर नाही. धुतल्यावर ती इंचभर आकसते आणि टाक्यांच्या मधे बारीक सुरकुत्या उठतात, ती काही चूक नाही, वाकळेचा पोत त्यालाच म्हणायचं. लहान असेल तर मशीनमध्ये हलक्या सायकलला चालते. मोठी नको, चार साड्यांची ओली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही, मशीनचं काय होईल. गावाकडे उन्हाळ्यात वाकळा नदीवर नेऊन पायांनी तुडवून धुतात आणि दोघी दोन टोकं धरून उलटसुलट पिळतात. फ्लॅटमध्ये बाथरूमच्या फरशीवर तुडवा, पिळू नका, बालदीवर निथळत ठेवा. वाळवताना एका दोरीवर टांगली तर मधून ओढली जाते, दोन दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीत चादर घालून त्यावर. ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला.

ही जमली की मोठी करायला हरकत नाही. जुनी नऊवारी मिळाली तर सोनं, ती साधारण सव्वाआठ मीटर असते, चार घड्या केल्या की दोन मीटरपेक्षा जरा जास्त लांब आणि पन्ह्याएवढी रुंद चार पदरी वाकळ कात्री न लावता तयार, आत्तीच्या घरातल्या सगळ्या जुन्या वाकळांचं माप हेच आहे. त्यावर तुकडे मांडा. दोरा दुपटीला थोडा कमी लागेल, आणि दिवस पावसाळ्याच्या आधीचे धरा, कारण ओल्या हवेत सुई गंजते आणि चार पदर वाळता वाळत नाहीत.